टाकीविना घाव : ठिणगीने धातू घडवण्याच्या तंत्राची एक चिकित्सा

आजचा विषय आहे विजेच्या ठिणगीने धातू कोरण्याचं तंत्र. कारखान्यात याला ‘ईडीएम’ म्हणतात, जुनी मंडळी ‘स्पार्क इरोजन’ म्हणतात आणि ठाण्याच्या गाळ्यांमध्ये सरळ ‘स्पार्क मशीन’ म्हणतात. याचाच सख्खा भाऊ ‘वायरकट’. आता तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांनी यावर का बोलावं? कारण असं की, या तंत्राबद्दल तीन विधानं सर्रास केली जातात आणि ती तिन्ही मुळात तत्त्वज्ञानाची विधानं आहेत. पहिलं : इथे हत्यार धातूला स्पर्शच करत नाही, म्हणून धातूला इजा नाही. दुसरं : धातू कितीही कठीण असो, या यंत्रापुढे तो लोण्यासारखा. तिसरं : काम यंत्र करतं, माणूस फक्त बटण दाबतो. आज आपण ही तीन विधानं एकेक करून तपासणार आहोत. त्यांची तपासणी का महत्त्वाची, तेही शेवटी पाहू. आधीच इतकं सांगतो की, यावर काही माणसांची मजुरी, काहींची फुप्फुसं आणि काही यंत्रांचं आयुष्य अवलंबून आहे.

आधी तंत्र काय आहे ते नीट समजून घेऊ. एक भांडं, त्यात रॉकेलसारखं तेल. हे तेल वीज वाहू देत नाही. तेलात बुडवलेला पोलादाचा ठोकळा, आणि वरून खाली येणारा तांब्याचा किंवा ग्राफाइटचा इलेक्ट्रोड. दोघांमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकं अंतर. विजेचा दाब पुरेसा झाला की त्या अंतरातलं तेल एका बिंदूवर हार मानतं आणि क्षणभर वीजवाहक होतं. ठिणगी पडते. तिचं तापमान आठ ते बारा हजार अंश सेल्सियस. सूर्याच्या पृष्ठभागाचं साडेपाच हजारांच्या आसपास आहे, यावरून अंदाज करा. त्या बिंदूवरचं पोलाद वितळतं, थोडं वाफ होऊन जातं. मग वीज तोडली जाते, वायूचा बुडबुडा फुटतो, वितळलेला कण तेलात फेकला जातो आणि मागे एक सूक्ष्म खड्डा उरतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडतं. खड्ड्यात खड्डा पडत जातो आणि इलेक्ट्रोडचा आकार उलटा होऊन पोलादात उतरतो. वायरकटमध्ये इलेक्ट्रोडच्या जागी पितळेची बारीक तार असते, बहुधा पाव मिलिमीटर जाडीची. तेलाऐवजी क्षार काढलेलं पाणी असतं. तार एका रिळावरून सुटते, काम करते आणि भंगारात जाते.

याचा जन्मही बोधप्रद आहे. विजेच्या ठिणगीने धातू झिजतो हे अठराव्या शतकात प्रीस्टली यांनी नोंदवलं होतं. पण त्याचं साधन झालं १९४३ च्या सुमारास, सोव्हिएत रशियात, युद्धाच्या काळात. बोरिस आणि नताल्या लाझारेन्को या दांपत्याकडे काम होतं ते टंगस्टनच्या विद्युत संपर्कांची झीज कशी थांबवायची याचं. झीज काही थांबेना. पण संपर्क तेलात बुडवले तर ती झीज जास्त नियमित, जास्त अंदाज करता येण्याजोगी होते, असं त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला : थांबत नाही ना, मग वापरू या! त्याच काळात अमेरिकेत काही जण वेगळ्या वाटेने इथेच पोचत होते. छिद्रात तुटून अडकलेले टॅप आणि ड्रिल ठिणगीने जाळून काढण्याची त्यांची खटपट चालू होती. म्हणजे एका बाजूला एक दोष आणि दुसऱ्या बाजूला एक अपघात, यातून हे तंत्र निघालं.

आपल्याकडे हे कुठे आलं? १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. मग डोंबिवली, अंबरनाथ. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आधीपासून होताच. मोठ्या कारखान्यांच्या आजूबाजूला टूलरूम उभ्या राहिल्या आणि टूलरूममध्ये शिकलेल्या माणसांनी पुढे स्वतःचे गाळे घेतले. पुण्यात इलेक्ट्रॉनिका, स्पार्कोनिक्स यांसारख्या कंपन्या स्पार्क मशीन देशातच बनवू लागल्या, तेव्हा ते यंत्र छोट्या गाळेवाल्याच्याही आवाक्यात आलं. आजही वागळे इस्टेटच्या आतल्या रस्त्यांवर ‘वायरकट जॉबवर्क’ अशा पाट्या दिसतात. काही ठिकाणी त्या काचेच्या आयटी इमारतींच्या सावलीत दिसतात, एवढाच फरक.

आता पहिलं विधान घेऊ. ‘स्पर्श नाही, म्हणून इजा नाही.’

आपल्या न्यायशास्त्रात कारणाची फार बारकाईने चर्चा आहे. ‘करण’ म्हणजे कार्य घडवणारं असाधारण कारण, आणि ते काम करतं ते कुठल्या तरी ‘व्यापारा’च्या द्वारे. नेहमीचं उदाहरण कुऱ्हाडीचं. लाकूड तुटण्याचं करण कुऱ्हाड, आणि व्यापार म्हणजे कुऱ्हाडीचा लाकडाशी होणारा संयोग. संयोग झाला नाही तर कुऱ्हाड खुंटीला टांगलेलीच बरी. लेथ, मिलिंग, कानस, छिन्नी, सगळी हत्यारं या उदाहरणात बसतात. स्पार्क मशीन बसत नाही. इथे इलेक्ट्रोड धातूला टेकला की शॉर्ट होतं, यंत्र इलेक्ट्रोड मागे खेचतं आणि काम थांबतं. बघा गंमत : कुऱ्हाडीच्या बाबतीत जो संयोग कार्याला आवश्यक, तोच इथे कार्याचा प्रतिबंधक. व्यापार आहे तो ठिणगीचा. अंतर राखलं तरच ती पडते.

इथवर विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. स्पर्श नाही, आणि म्हणूनच जोरही नाही. पातळ भिंतीचा सुटा भाग दाबाने वाकत नाही. पण ‘म्हणून इजा नाही’ हा उत्तरार्ध कुठून आला? संयोग नाही म्हणजे परिणाम नाही, असं कोणी सांगितलं? प्रत्येक ठिणगीत वितळलेलं सगळं पोलाद काही उडून जात नाही. थोडं तिथेच पुन्हा गोठतं. भोवतीच्या थंड धातूमुळे ते झपाट्याने गोठतं आणि तेलातला कार्बनही उचलतं. त्यामुळे वर एक अतिकठीण पण ठिसूळ थर तयार होतो. धातुतज्ज्ञ त्याला ‘व्हाइट लेयर’ म्हणतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तो पांढरा दिसतो. जाडी काही मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंत, काम किती जोरात केलं त्यावर. या थरात ताण अडकलेला असतो, बारीक तडे असतात. पंच-डायमध्ये किंवा सतत कमी-जास्त भार सोसणाऱ्या भागात हेच तडे पुढे वाढतात. विमानाच्या इंजिनासारख्या क्षेत्रात हा थर किती चालेल यावर कडक बंधनं असतात, बऱ्याचदा तो काढूनच टाकावा लागतो, ते उगीच नाही.

आपल्याकडे म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. स्पार्क मशीनच्या जाहिराती ऐकल्या की वाटतं, घावांशिवाय देवपण देणारं यंत्र निघालं! तसं नाही. घाव आहेत, लक्षावधी आहेत, फक्त टाकी नाही. आणि टाकीचा घाव डोळ्यांना दिसतो, हा दिसत नाही. आमचा आक्षेप यंत्रावर नाही. ‘दिसत नाही म्हणून नाही’ या अनुमानावर आहे.

याच घावाचा दुसरा पैलूही सांगायला हवा, नाहीतर चिकित्सा एकांगी होईल. तुमच्या घरातल्या प्लास्टिकच्या स्विचवर, मिक्सरच्या आवरणावर जो मंद खरखरीत पोत असतो, तो बऱ्याचदा साच्याच्या पोलादावर ठिणग्यांनी पाडलेल्या खड्ड्यांचा ठसा असतो. त्या पोताच्या मोजमापासाठी ‘व्हीडीआय ३४००’ नावाची जर्मन श्रेणीच आहे आणि तिचं मूळ स्पार्क मशीनच्या पृष्ठभागात आहे. ज्याला आधी खडबडीतपणा म्हणून घासून काढत, तेच पुढे ग्राहकाला आवडणारं ‘फिनिश’ झालं. तेव्हा घाव वाईटच असतो असंही नाही. कुठे ठेवायचा आणि कुठे पुसायचा, हा विवेक लागतो. त्या विवेकाकडे आपण तिसऱ्या विधानात येऊ.

दुसरं विधान : ‘कठीणपणाचा अडसर नाही.’

हे बरंचसं खरं आहे, आणि त्याने टूलरूममधल्या कामाचा क्रमच उलटा केला. पूर्वी डाय बनवायची तर पोलाद मऊ असताना आकार काढायचा, कानसीने जुळवायचा आणि मग हार्डनिंगला द्यायचा. भट्टीतून आला की तो थोडा वाकलेला, थोडा ताणलेला असणार. मग पुन्हा दगडाने घासत बसायचं, दिवसचे दिवस. तापल्या लोखंडावर घाव घालावा हा लोहाराचा धडा, आणि मऊ पोलादावर आकार काढावा हा टूलमेकरचा धडा. वायरकटने सांगितलं : आधी कठीण करा, मग कापा. भट्टीतल्या वाकण्याचा प्रश्नच मिटला. टंगस्टन कार्बाइडसारखा पदार्थही यात कापला जातो. चौकोनी छिद्र, खोल अरुंद खाच, आतला टोकदार कोपरा, जिथे गोल फिरणारा कटर जाऊच शकत नाही, तिथे स्पार्क मशीन जातं. डिझेल इंजेक्टरच्या नोझलची केसासारखी छिद्रं, टर्बाइनच्या पात्यांतली थंडाव्याची छिद्रं याच कुळातली. आणि तुटलेला टॅप. महागड्या ठोकळ्यात टॅप तुटला की आजही माणूस तो ठोकळा घेऊन स्पार्कवाल्याचा गाळा शोधत येतो.

पण नीट पाहिलं तर अडसर गेला नाही, त्याची जागा बदलली. आता प्रश्न हा नाही की पदार्थ कठीण आहे का. प्रश्न हा की तो वीज वाहतो का, किती तापमानाला वितळतो आणि उष्णता किती लवकर पसरवतो. साधी काच या यंत्रासमोर ठेवा, एकही ठिणगी पडणार नाही. वीजवाहक नसलेली सिरॅमिक तशीच. म्हणजे ज्याला लोण्याची उपमा दिली ते यंत्र काचेपुढे हतबल. शिवाय इलेक्ट्रोडही झिजतो. कुऱ्हाड लाकडाला तोडताना लाकूडही कुऱ्हाडीला थोडं तोडतंच. म्हणून एकाच खाचेसाठी आधी खडबडीत कामाचा आणि मग बारीक कामाचा असे वेगवेगळे इलेक्ट्रोड करावे लागतात, आणि ते बऱ्याचदा पारंपरिक यंत्रावर, कापून करावे लागतात. वर हे तंत्र फार सावकाश. मिलिंग जे काम मिनिटांत करतं त्याला इथे तास लागू शकतात. म्हणून शहाणा गाळेवाला आधी जमेल तेवढं साहित्य मिलिंगने काढतो आणि शेवटचं तेवढं ठिणगीवर सोपवतो. १९९० नंतर अतिवेगवान मिलिंग आलं, कठीण पोलादही सरळ कापू लागलं, आणि स्पार्क मशीनकडची बरीच कामं परत तिकडे गेली.

या संदर्भात अभियांत्रिकीच्या पुस्तकांतल्या एका संज्ञेवर बोलतो. त्यांत या तंत्राचं वर्गीकरण ‘अपारंपरिक यंत्रण’ असं करतात. ज्या गोष्टीची ओळख ती काय नाही यावरून करून दिली जाते, तिच्याबद्दलचा विचार अर्धवट राहिला असं समजावं. ऐंशी वर्षं झाली या तंत्राला. शिकाऊ म्हणून आला, स्पार्क मशीनवर उभा राहिला आणि त्याच यंत्रावरून निवृत्त झाला, असा कामगार आता सापडतो. गुरूकडून शिष्याकडे गेलेलं ज्ञान आहे, खाणाखुणा आहेत, बोली आहे. परंपरा आणखी वेगळी काय असते? ‘अपारंपरिक’ म्हटल्याने एकच होतं : या माणसाला आपण कारागीर म्हणत नाही, ‘ऑपरेटर’ म्हणतो.

आणि इथे तिसरं विधान येतं. ‘यंत्र काम करतं, माणूस बटण दाबतो.’

या विधानामागे मोठे विचारवंत उभे आहेत, म्हणून जरा सावकाश जाऊ. हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ च्या ‘लेबर अँड मोनॉपॉली कॅपिटल’ या पुस्तकात मांडलं की भांडवली कारखान्यात योजना आणि अंमलबजावणी वेगळी केली जाते. डोकं ऑफिसात जातं, हात यंत्रापाशी उरतात आणि कौशल्य हळूहळू काढून घेतलं जातं. ब्रेव्हरमन स्वतः कारागिरी केलेला माणूस होता, त्यामुळे त्याच्या म्हणण्याला वजन आहे. मोठ्या कारखान्यांत ते बरंचसं खरंही ठरलं : प्रोग्रॅम एक जण लिहितो, दुसरा जॉब बांधतो आणि उतरवतो. दुसरीकडे हायडेगरने १९५३ च्या तंत्रज्ञानावरच्या व्याख्यानात जुन्या कारागिरीत आणि आधुनिक तंत्रज्ञानात एक खोल दरी दाखवली. चांदीचा चषक घडवणारा एका बाजूला, निसर्गाला साठ्यासारखं मांडून ठेवणारं आधुनिक तंत्र दुसऱ्या बाजूला.

आता या दोघांना घेऊन आपण वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात जाऊ. चार-पाच माणसं, एक स्पार्क मशीन, एक वायरकट, एक जुनं मिलिंग. ड्रॉइंग वाचणारा, इलेक्ट्रोड किती लहान ठेवायचा ते ठरवणारा आणि यंत्रापाशी उभा राहणारा हा बऱ्याचदा एकच माणूस. हा चषक घडवणारा, की साठा मांडणारा? ब्रेव्हरमनची योजना-अंमलबजावणीची फाळणी इथे कुठे पडली? दोन्ही सिद्धान्त मोठ्या धरणाकडे आणि मोठ्या कारखान्याकडे पाहून रचलेले आहेत. गाळा त्यांच्या चौकटीत मावत नाही. गाळ्याला आपण आदर्श मानतो असं नाही, तिथे पिळवणूकही आहे. पण कौशल्य संपलं हे मात्र तिथे दिसत नाही. कौशल्याची जात बदललेली दिसते.

कशी बदलली? कानस चालवणाऱ्याचं ज्ञान तळहातात असतं. मायकेल पोलान्यी यांनी आंधळ्याच्या काठीचं उदाहरण दिलं आहे : काठीची मूठ हातात असते, पण लक्ष काठीच्या टोकाशी असतं, जणू हातच तिथवर लांबला. कानस, छिन्नी, करवत यांचं असंच. ठिणगीच्या बाबतीत ही काठीच नाही. काम तेलाखाली, केसापेक्षा अरुंद फटीत चाललं आहे. ना दिसतं, ना हाताला कळतं. मग त्या माणसाला कसं कळतं? खुणांवरून. बारीक, सलग तडतड चालू असेल तर ठीक. आवाज जाड झाला, अडखळू लागला की समजायचं कचरा साठला, ठिणगी एकाच जागी पडते आहे, आर्किंग होतंय, आता जॉबला खड्डा पडणार. मीटरचा काटा थरथरतो कसा, बुडबुडे कुठून येतात, तेलाचा रंग किती काळवंडला, धूर केव्हा येऊ लागला. हे सगळं पाहून तो तेलाचा झोत बदलतो, ठिणगीची वेळ कमी करतो, इलेक्ट्रोड वर घेतो.

आपल्या परिभाषेत बोलायचं तर ज्ञान प्रत्यक्षाकडून अनुमानाकडे सरकलं. धुरावरून अग्नी ओळखणं हे न्यायशास्त्राचं हजारो वेळा घोटलेलं उदाहरण; इथे ते अक्षरशः रोज घडतं. आणि अनुमानाला व्याप्ती लागते, म्हणजे या खुणेबरोबर ही गोष्ट असतेच, याची खात्री. ती खात्री पुस्तकाने येत नाही, भूयोदर्शनाने येते. पुन्हा पुन्हा पाहिल्याने. म्हणजे निष्कर्ष लोकसमजुतीच्या नेमका उलटा निघतो : हाताचं काम कमी झालं म्हणून शिकण्याचा काळ कमी झाला नाही. जिथे स्पर्श मदतीला येत नाही, तिथे पारखायला शिकणं जास्त लांबतं.

कोणी म्हणेल, नव्या यंत्रांत हे सगळं संगणक ओळखतो, आर्किंग दिसताच स्वतः मागे येतो. बरोबर आहे. चांगली यंत्रं हे करतात आणि करावंच. पण संगणकाला दिलेल्या मर्यादा कोणाच्या तरी अनुभवातूनच आल्या. शिवाय संगणक फट सांभाळतो. हा पंच रोज किती ठोके खाणार, व्हाइट लेयर इथे ठेवला तर चालेल की घासून काढायला हवा, हे तो सांगत नाही. कारण ते ठिणगीबद्दलचं ज्ञान नाही, वस्तू कशासाठी आहे त्याचं ज्ञान आहे. ते माणसाकडेच राहतं, निदान आज तरी.

आता यात पणाला काय लागलं आहे ते बघा. तीन चुकीच्या विधानांतून तीन चुकीचे व्यवहार निघतात.

‘इजा नाही’ असं मानलं की व्हाइट लेयर कोणी तपासत नाही. घाईच्या ऑर्डरमध्ये जोरात स्पार्क करून, न घासता डाय पाठवली जाते. ती महिन्याभरात तडकली की दोष पोलादाला दिला जातो.

‘स्पर्श नाही’ या स्वच्छतेच्या प्रतिमेत आणखी काही झाकलं जातं. तेलाची वाफ आणि धूर माणसाच्या छातीत जातो. तेलात रोज हात बुडवले की कातडी उलते. इलेक्ट्रोडवर पुरेसं तेल नसेल, ठिणगी पृष्ठभागाजवळ पडली, तर आग लागू शकते. म्हणून तेलाची पातळी, तापमान आणि आग विझवण्याची सोय यांत तडजोड चालत नाही, आणि रात्रभर यंत्र एकटं सोडून जाणं हे तर धाडसच. भांड्याच्या तळाशी साठणारा काळा गाळ म्हणजे धातूचे कण आणि जळकं तेल. तो गटारात ओतायची वस्तू नाही. धातूला शिवत नाही असं म्हणणारं तंत्र माणसाला आणि नाल्याला मात्र चांगलंच शिवतं.

आणि ‘बटण दाबणारा’ म्हटलं की मजुरी बटणाची मिळते. गिऱ्हाईक वायरकटचा दर चौरस मिलिमीटरवर ठरवतो, स्पार्कचा तासावर. यंत्राचा तास मोजला जातो, पण तास सुरू होण्याआधीचा विचार मोजला जात नाही. आयटीआयमध्ये ‘टूल अँड डाय मेकर’ हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. पण उमेदवाराला वर्षभर फक्त जॉब बांधायला आणि फरशी पुसायला लावलं, तर भूयोदर्शन कशाचं होणार? फरशीचं. मग दहा वर्षांनी आपणच म्हणतो, हल्ली चांगली माणसं मिळत नाहीत.

ठाण्यात गाळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, जमिनीचे भाव पाहता ते थांबेल असं दिसत नाही. यंत्र उचलून भिवंडीला, मुरबाडला, आणखी कुठे नेता येतं. पण चार गाळ्यांच्या शेजारातून आलेलं शहाणपण टेम्पोत भरता येत नाही : इलेक्ट्रोड कोणाकडून करून घ्यायचा, हार्डनिंग कोणाचं भरवशाचं, अडलं तर कोणाला हाक मारायची. ते शेजार मोडला की मोडतं. म्हणून जागेचा निर्णय घेणाऱ्यांनी ‘ऑपरेटर कुठेही मिळेल’ हे गृहीत धरू नये, इतकंच आमचं म्हणणं आहे.

आणि मालक मंडळींना एक साधी सूचना. पुढच्या वेळी जॉब कार्ड छापाल तेव्हा त्यात यंत्राच्या तासांच्या शेजारी आणखी दोन रकाने ठेवा. एक, पृष्ठभागाचा थर तपासला का आणि कोणी. दोन, हे काम कोणाच्या हाताखाली कोण शिकलं. खर्च कागदाच्या दोन रेघांचा. पण त्या रकान्यांत नाव लिहायचं झालं की ‘यंत्राने केलं’ असं लिहिता येत नाही, माणसाचं नाव लिहावं लागतं.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. गाळ्यातून कोणी आले असतील तर त्यांनी आधी विचारावं.